पान कोणाच्या मापाने बेतायचे?

लिहिलेला मजकूर वाचकापुढे कधीही नुसता येत नाही. त्याच्याभोवती समास असतो, माथ्यावर शीर्षक असते, ओळींमध्ये ठरावीक अंतर असते, कोणाचे नाव कोठे आणि किती ठसठशीत यावे याचा काही एक संकेत असतो. आणि वाचक पहिले वाक्य वाचण्याआधीच या मांडणीवरून तो कागद कोणाचा, कशासाठी काढलेला आणि कितपत गांभीर्याने घ्यायचा हे ताडून मोकळा होतो. पानाच्या या ठरीव रचनेला येथे साचा म्हटले आहे. संगणकाच्या पडद्यावर मजकूर प्रसिद्ध करण्याच्या आजच्या प्रणालींत हाच साचा ‘थीम’ या नावाने तयार मिळतो. त्यात माथापट्टी, बाजूपट्टी, तळपट्टी, शोधाची चौकट असे घटक आधीच आखलेले असतात आणि घेणाऱ्याने रंग, टंक (फॉन्ट), चित्रे व घटकांच्या जागा आपल्या पसंतीने बदलायच्या असतात. हे बदल सहसा हौसेत जमा होतात. परंतु ज्या कोल्हापुरात नाटकाचे पडदे, भित्तिपत्रके आणि फलक रंगवण्याचे काम शंभर वर्षांहून अधिक काळ एक मानाचा व्यवसाय म्हणून चालत आले, त्या शहराच्या कागदांकडे आणि भिंतींकडे पाहिले, तर या कामाचे मर्म सजावटीपेक्षा खोल असल्याचे लक्षात येते. प्रत्येक साचा कोणत्या तरी वाचकाच्या आणि कोणत्या तरी लिपीच्या मापाने बेतलेला असतो, आणि तो आपलासा करणे म्हणजे प्रथम ते माप बदलणे होय.

तयार साच्यामागची तांत्रिक कल्पना साधी आहे. मजकूर आणि त्याचे रूप या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे मजकुराला हात न लावता रूप बदलता येते. हाकोन व्हियम ली यांनी १९९४ मध्ये यासाठी शैलीनियमांची एक स्वतंत्र भाषा सुचवली आणि सीएसएस या नावाने ती डिसेंबर १९९६ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा आकार, समासाची रुंदी, ओळींमधील अंतर, दुव्याचा रंग हे सगळे या भाषेत नियमांच्या रूपाने वेगळ्या फायलीत लिहिले जाते. या विभागणीत किती सामर्थ्य आहे, हे डेव्ह शे यांनी २००३ मध्ये ‘सीएसएस झेन गार्डन’ या उपक्रमातून दाखवले. त्यात एकच मजकूर ठेवून जगभरच्या आरेखकांनी केवळ शैलीनियम बदलले आणि एका पानाची एकमेकांशी ओळखदेखील न सांगणारी शेकडो रूपे तयार केली. वर्डप्रेस या मुक्त प्रणालीने २००५ च्या १.५ या आवृत्तीपासून पूर्ण साचे बदलण्याची सोय दिली आणि संगणकाचे शिक्षण नसलेल्या माणसालाही पानाचे रूप निवडणे शक्य झाले.

तंत्र नवे असले, तरी ठरीव घटकांनी पान बांधण्याची रीत मराठी कारभाराला जुनीच होती. करवीर संस्थानची मोडी लिपीतील कागदपत्रे कोल्हापूरच्या पुरालेखागारात जतन केलेली आहेत, आणि मराठेशाहीतील राजपत्रांची जी सर्वसाधारण धाटणी अभ्यासकांनी नोंदवली आहे तिच्यात प्रत्येक घटकाला जागा आणि काम दोन्ही नेमून दिलेले आढळते. माथ्यावर ‘श्री’ किंवा देवतेचे नाव, त्याखाली राजाचा शिक्का, मग मायना, म्हणजे ज्याला पत्र लिहायचे त्याच्या दर्जानुसार ठरलेले संबोधन, नंतर मजकूर, आणि मजकूर संपला की लगेच मोर्तब, म्हणजे लेखनाची मर्यादा दाखवणारा छोटा शिक्का. या मोर्तबामुळे पत्र येथेच संपले हे सिद्ध होई आणि त्याखाली कोणाला एखादी ओळ घुसडता येत नसे. पत्र लांबले व कागदाला कागद जोडावा लागला, तर पाठीमागे सांध्यावर शिक्का उमटवला जाई आणि त्याला संधिमोर्तब म्हणत. मधला तुकडा काढून दुसरा चिकटवण्याची वाट त्याने बंद होई.

या पत्रांच्या ओळीची घडणही लक्षात घेण्याजोगी आहे. बालबोध, म्हणजे देवनागरी, लिहिताना सामान्यतः आधी अक्षर व मग त्यावरची रेघ येते. मोडी लिहिणारा मात्र आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेतो आणि मग बोरूने तिला अक्षरे लटकवत जातो. ओळ ही त्या पानाची पहिली वस्तू असते. अक्षर नंतर येते. शब्दांमध्ये मोकळी जागा बहुधा सोडलेली नसते, हात शक्यतो उचलायचा नसतो, आणि त्यामुळे दोन ओळींमधील अंतर लेखकाला लेखनाच्या आधीच मनाशी ठरवावे लागते. वरची वेलांटी आणि खालचा उकार यांना पुरेशी जागा न ठेवता रेघा ओढल्या, तर पुढे मजकुराची खिचडी होते. साचा अक्षरांच्या स्वभावावरून निघाला पाहिजे, अक्षरे साच्यात कोंबून भागत नाही, हा धडा दफ्तरातील कारकुनाला रोजच्या कामात मिळत असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात हाच प्रश्न वेगळ्या पृष्ठभागावर उभा राहिला. आनंदराव आणि बाबूराव या दोघा पेंटरांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले. रस्ता, राजवाडा, बाग, अरण्य असे ठरावीक देखावे त्या काळच्या कंपन्या जवळ बाळगत आणि एकच राजवाडा कधी पौराणिक तर कधी ऐतिहासिक नाटकाला पुरवत, म्हणजे पडदा हा कोणत्याही संहितेमागे टांगता येईल असा तयार साचा होता. अशा पडद्यावर काम करणाऱ्या चित्रकाराला दोन गोष्टींचे भान ठेवावे लागे: देखावा इतका ठसठशीत असावा की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला राजवाडा राजवाडाच वाटावा, आणि तरीही तो पुढे उभ्या असलेल्या नटाला गिळून टाकण्याइतका भडक नसावा. पार्श्वभूमी आणि मजकूर यांच्यातील हा तोल आजही संगणकाच्या पडद्यावरच्या पानात सर्वांत अवघड जातो; मागे गडद छायाचित्र आणि त्यावर पांढरी बारीक अक्षरे, अशा पानांवर नट दिसेनासा झालेला असतो.

बाबूराव पेंटर, म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०–१९५४), यांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आणला आणि चित्रपटाच्या जाहिरातीलाही चित्रकाराची नजर दिली. ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या चित्रपटाचे सचित्र भित्तिपत्रक हे उपलब्ध भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी सर्वांत जुने मानले जाते. नुसत्या अक्षरी पत्रकाकडून चित्रमय भित्तिपत्रकाकडे झालेला हा बदल पानाच्या घटकांची उतरंड बदलणारा होता. अक्षरी पत्रकात वाचकाला आधी थिएटर, वेळ, तिकिटाचे दर अशी माहिती ओळीने वाचावी लागे. भित्तिपत्रकात चित्र एका दृष्टिक्षेपात प्रसंग सांगते, नाव त्या चित्रात रुजते आणि बाकीची माहिती ज्याला हवी त्याने जवळ जाऊन वाचायची असते. वाचक किती अंतरावर उभा आहे, त्याला थांबायला किती वेळ आहे, या विचारातून हा साचा निघाला. आज एकच पान हातातल्या फोनवर आणि टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर वेगवेगळे रचले जावे अशी अपेक्षा धरली जाते. या प्रतिसादी मांडणीमागेही वाचकाच्या अंतराचा तोच विचार आहे.

छापखान्यातील लग्नपत्रिका हा तर मराठी माणसाच्या नित्य परिचयाचा साचा. पत्रिका ठरवायला आलेल्या कुटुंबापुढे नमुन्यांची जाड वही ठेवली जाते. कागद, रंग, गणपतीचे चित्र, मजकुराची चाल यांची निवड होते आणि मग खरे काम सुरू होते ते रिकाम्या जागा भरण्याचे. माथ्यावर कुलदैवत, कोल्हापूर भागात अनेकदा ‘श्री जोतिबा प्रसन्न’ किंवा ‘श्री अंबाबाई प्रसन्न’, त्याखाली चि. आणि चि. सौ. कां. या उपाध्यांसह वधूवरांची नावे. ज्येष्ठ की कनिष्ठ, चिरंजीव की सुकन्या. मग हळदी, मुहूर्त, भोजन, विवाहस्थळ. आणि तळाशी विनीत, निमंत्रक, व्यवस्थापक यांच्या याद्या. येथे एकही जागा निव्वळ शोभेची नसते. विनीतांत थोरल्या चुलत्यांचे नाव आधी की मामांचे, आजोबा हयात नसल्यास ‘कै.’ लावून त्यांना पहिली ओळ द्यायची की नाही, यांवर घराघरांत दोन-दोन दिवस खल चालतो, कारण पत्रिका वाचणारे पाहुणे नावांचा क्रम मजकुरापेक्षा बारकाईने वाचतात. पूर्वी जेथे केवळ वडिलांचे नाव येत असे तेथे अलीकडे आईचेही नाव शेजारी छापले जाते. नमुन्याच्या वहीत एक जागा वाढली, आणि समाजातला एक बदल त्या वाढलेल्या जागेतून छापखान्यात नोंदला गेला.

कोल्हापुरात ज्याला सरसकट ‘डिजिटल’ म्हणतात तो फ्लेक्सवर छापलेला फलक ही याच कुळातली पुढची पिढी. चौकातील वाढदिवसाच्या डिजिटलची रचना इतकी ठरीव असते की दुरून अक्षरे न वाचताही आशय कळतो: वरच्या पट्टीत महापुरुषांच्या प्रतिमा, मध्यभागी शुभेच्छांची ओळ, एका बाजूला ज्याचा वाढदिवस त्याची पूर्णाकृती छबी, आणि तळाशी शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग, प्रत्येक चेहऱ्याखाली नाव, आणि शेवटी तालमीचे किंवा मंडळाचे नाव. कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनी रंगवलेले आणि शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेले शिवछत्रपतींचे चित्र अशा फलकांवर जितक्या वेळा उमटले असेल तितके कदाचित दुसरे कोणतेही चित्र उमटले नसेल. डीटीपी करणारा कारागीर जुनी फाइल उघडतो, चेहरे बदलतो, नाव बदलतो आणि तासाभरात छपाईला देतो. ब्रशने पाटी रंगवणाऱ्या पेंटरची जागा या पद्धतीने घेतली आणि तिच्यासोबत एक कौशल्य मागे पडले: पाटीच्या लांबीत नाव बसत नसेल तर पेंटर अक्षराची उंची, दांड्यांमधील अंतर आणि शिरोरेषेची जाडी सांभाळून ते नव्याने रचत असे, संगणकावर तेच अक्षर माऊसने दोन्ही बाजूंनी ताणले जाते आणि उभे दांडे जाड होऊन आणि आडवी रेघ त्या मानाने बारीक राहून नाव बेढब दिसते.

मोडी पत्र, नाटकाचा पडदा, भित्तिपत्रक, पत्रिका आणि डिजिटल या साऱ्यांत साचा तयार होता, आणि तो तयार होता म्हणून कोणाचे वेगळेपण हरवले असे झाले नाही. उलट घटकांच्या जागा सर्वांना ठाऊक असल्यामुळेच त्यातला छोटासा फरक, एखाद्या नावाची वरची ओळ किंवा मोर्तबाचे ठिकाण, वाचकाला बोलका वाटत असे. हे शक्य झाले कारण साचा घडवणारे आणि तो वाचणारे एकाच भाषेत आणि एकाच रिवाजात वाढलेले होते. पडद्यावरच्या तयार थीमच्या बाबतीत ही अट सुटते. तेथे साचा एका लिपीत वाढलेल्या आरेखकाने त्या लिपीसाठी बेतलेला असतो आणि दुसऱ्या लिपीच्या लेखकाने तो डोळे मिटून घेतलेला असतो.

रोमन आणि देवनागरी या दोन लिप्यांतला पहिला फरक ओळीच्या उंचीत दिसतो. रोमन अक्षरे तळरेषेवर उभी राहतात आणि त्यांपैकी थोडीच वर किंवा खाली जातात. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते, रेषेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि रफार यांचा थर असतो, तर खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे उतरतात. शिसाच्या टाइपांच्या काळात हा प्रश्न ओतकाम करणाऱ्यांना सोडवावा लागला. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या काळात मुंबई वळणाच्या टाइपांत अखंड आणि डिग्री असे दोन मार्ग प्रचलित होते: अखंडात मात्रेसह पूर्ण अक्षराचा एकच खिळा असे, तर डिग्रीत मात्रा वेगळ्या ओतून अक्षराला जोडल्या जात. दोन्हींत मात्रांची जागा टाइपाच्या अंगातच धरलेली होती आणि ओळींमध्ये शिशाची पट्टी घालून जुळारी ती आणखी मोकळी करू शके. पडद्यावर अक्षर टंकाकडून येते, पण ओळींमधील अंतर थीमच्या शैलीनियमाकडून. रोमन मजकुरासाठी शीर्षकाला बहुधा अक्षराच्या आकाराच्या १.२ पट अंतर दिलेले असते. इंग्रजी शीर्षक त्यात देखणे दिसते, आणि तेथेच दोन ओळींचे मराठी शीर्षक आले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतात. बटणांच्या आणि चौकटींच्या उंचीवर मर्यादा घातली असेल, तर वरची वेलांटी चक्क कापली जाते आणि ‘की’ची ‘का’ झालेली दिसते. मराठी मजकुराला साधारण दीडपट ते पावणेदोनपट अंतर दिले तर हा गुंता सुटतो. बदल एका आकड्याचा आहे, परंतु तो करावा लागतो हे कळण्यासाठी आधी ओळीकडे पाहावे लागते.

दुसरा फरक अक्षरांमधील अंतराचा. रोमन शीर्षकात अक्षरे थोडी पसरवून लावली की भारदस्तपणा येतो, म्हणून बऱ्याच थीममध्ये शीर्षकासाठी अक्षरांतर वाढवणारा नियम आधीच लिहिलेला असतो. तोच नियम ‘पंचगंगा’ या शब्दावर चालला की शिरोरेषा तीन ठिकाणी सुटी होते, अक्षरे एकमेकांपासून अलग उभी राहतात आणि शब्द शब्द न राहता अक्षरांची रांग होते. त्याचप्रमाणे अवतरणे आणि छायाचित्रांखालचा मजकूर तिरप्या अक्षरात लावण्याची रोमन प्रथा आहे; देवनागरीला तिरप्या वळणाची तशी स्वतंत्र परंपरा नाही, त्यामुळे न्याहाळक (ब्राउझर) उभ्या अक्षरालाच यांत्रिकपणे कलते करतो आणि पाटी एका खिळ्यावरून निसटावी तशी ती ओळ दिसते. येथे मराठी मांडणीने अवतरणासाठी वेगळा समास, वेगळा रंग किंवा थोडे मोठे अक्षर वापरावे हे सोयीचे आहे; पोथीच्या लेखकांनीही भेद दाखवण्यासाठी तांबडी शाई वापरली होती, अक्षर तिरपे केले नव्हते.

तिसरा फरक मोजणीचा आणि तो सर्वांत कमी दिसणारा. ‘कोल्हापूर’ या नावात वाचकाला चार अक्षरे दिसतात: को, ल्हा, पू, र. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत मात्र स्वरचिन्हे आणि हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक असल्याने संगणकाच्या हिशेबी या नावात नऊ घटक भरतात. एखाद्या थीमने यादीतील शीर्षके ठरावीक संख्येवर तोडायचे ठरवले असेल आणि तो तोड चौथ्या घटकानंतर आला, तर वाचकाला ‘कोल्’ एवढेच दिसते. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करून दोन-तीन ओळींत उतरवण्याची जी नक्षीदार पद्धत आहे तिच्यातही हीच अडचण येते. ‘स्त्री’ या शब्दाने परिच्छेद सुरू झाला, तर जुन्या नियमांनी चालणारा न्याहाळक मोठ्या आकारात ‘स्’ एवढेच उचलतो आणि ‘त्री’ बिचारी मागे राहते. युनिकोडच्या अलीकडच्या आवृत्तीत जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम आला आहे, परंतु जुन्या थीम आणि जुनी उपकरणे यांच्यामुळे मराठी पानाने हा घटक सरळ बंद ठेवणेच श्रेयस्कर ठरते.

चौथी बाब अक्षरांच्या वळणाची. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले आणि त्यात पाकळीयुक्त ल व देठयुक्त श ही मराठी रूपे मान्य केली. हिंदी छपाईतील दंडयुक्त ल आणि गाठयुक्त श यांपासून ती वेगळी आहेत. अनेक आधुनिक टंकांत दोन्ही रूपे साठवलेली असतात आणि पानाच्या आरंभी त्याची भाषा मराठी आहे असे एका लहानशा सूचनेने सांगितले, तर टंक आपोआप मराठी रूपे पुढे करतो. तयार थीममध्ये ती सूचना सहसा इंग्रजीची असते, ती कोणी बदलत नाही, आणि मराठी लेख हिंदी वळणाच्या अक्षरांत वर्षानुवर्षे वाचला जातो. तीच गोष्ट अर्ध्या र ची: ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा भेद दाखवणारे चिन्ह टंकात नीट घडवलेले नसेल, तर पन्हाळ्याच्या वर्णनात भलताच समुद्र शिरतो. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेल्या ‘मंगल’ या टंकाने संगणकावरच्या देवनागरीला आधार दिला. त्यानंतर मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्त’, राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध केलेले ‘यशोमुद्रा’ व ‘यशोवेणू’, आणि खास मराठी वळणासाठी वेगळी आवृत्ती काढलेला ‘टिरो देवनागरी मराठी’ असे टंक विनामूल्य मिळू लागले. निवडीला वाव आला आहे. निवड करण्याची सवय मात्र अजून रुळायची आहे.

पाचवी बाब वाक्याची. थीममध्ये लेखनाच्या दिनांकाची आणि लेखकाच्या नावाची ओळ बहुधा तुकड्यांत लिहिलेली असते: आधी ‘प्रकाशित’ अशा अर्थाचा शब्द, मग दिनांक, मग ‘कडून’ अशा अर्थाचा शब्द, मग नाव. हा क्रम इंग्रजी वाक्याचा आहे. प्रत्येक तुकड्याचे सुटे भाषांतर केले की ‘प्रकाशित रोजी ५ जून द्वारा अमुक’ अशी ओळ तयार होते, जिच्यात सर्व शब्द मराठी आहेत आणि वाक्य मात्र मराठी नाही. ‘अमुक यांनी ५ जून रोजी लिहिले’ असे म्हणायचे तर नाव आधी यावे लागते आणि त्याला आदरार्थी रूप जोडावे लागते. चांगल्या थीममध्ये संपूर्ण वाक्य एकत्र ठेवून त्यातील नावाच्या आणि दिनांकाच्या जागा अनुवादकाला हलवता येतील अशी सोय केलेली असते. ती नसेल तर साच्यात शिरून वाक्य नव्याने जुळवावे लागते. लग्नपत्रिका छापणाऱ्याने ‘यांचे ज्येष्ठ चिरंजीव’ हे शब्द वडिलांच्या नावाच्या आधी टाकले असते, तर घरच्यांनी पत्रिका परत पाठवली असती. पडद्यावरच्या पानाला मात्र अशा चुकीची सवलत सहज मिळते.

आपल्या पानाला स्थानिक रूप देण्याची इच्छा बहुतेकांना असते आणि ती रास्तही आहे. माथापट्टीत अंबाबाईच्या देवळाची शिखरे येतात, रंकाळ्याची संध्याकाळ येते, कोल्हापुरी चपलेच्या वेणीची नक्षी कडेने फिरते, दुव्यांना केशरी रंग मिळतो. आणि त्याच पानावर महिन्यांची नावे इंग्रजीत, शोधाच्या चौकटीत इंग्रजी सूचना, शीर्षकाची शिरोरेषा तुटलेली, असेही दिसते. दृश्य कोल्हापूरचे आणि ओळ परक्या मापाची, असा हा प्रकार होतो. बदलांचा क्रम उलटा लावला तर श्रम थोडे आणि लाभ मोठा असतो: आधी पानाची भाषा जाहीर करावी, मग टंक, मग ओळींमधील अंतर, मग अक्षरांतर आणि तिरपेपणा यांचे नियम काढून टाकावेत, मग वाक्ये जुळवावीत, आणि रंग व नक्षी शेवटी. हे बदल मूळ साच्यात थेट करू नयेत, कारण साच्याची नवी आवृत्ती आली की ते पुसले जातात. त्यासाठी वर्डप्रेससारख्या प्रणालींत उपसाच्याची सोय आहे. उपसाचा म्हणजे मूळ साच्याचे सर्व काही वारशाने घेणारी आणि जेथे फरक हवा तेवढेच नियम नव्याने सांगणारी छोटी फाइल. मूळ बांधकाम सुधारत राहते आणि घराचे रिवाज आपल्याकडे राहतात.

अशी मोकळीक सर्वत्र मिळत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मराठीतले पुष्कळसे लेखन आज समाजमाध्यमांवर होते, आणि तेथे पानाचा एकही घटक लेखकाच्या हाती नसतो; टंक, समास, ओळ, क्रम, सारे मालक कंपनी ठरवते आणि कोणालाही न विचारता बदलते. वर्डप्रेस व त्याच्या बहुतेक थीम ज्या मुक्त परवान्याखाली मिळतात, तो साचा उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि बदललेला साचा इतरांना देण्याचा अधिकार देतो. या अधिकाराचा खरा उपयोग एकेका लेखकाने आपापले पान सजवण्यात नाही. देवनागरी अक्षर जाणणाऱ्यांनी आणि शैलीनियम लिहिता येणाऱ्यांनी एकत्र बसून मराठी ओळीच्या मापाचा एक भक्कम मूळ साचा सिद्ध करण्यात आहे. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन यांसारख्या कलाशिक्षणाच्या संस्था आणि संगणकाचे वर्ग कोल्हापुरात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. अक्षर घडवणारा हात आणि नियम लिहिणारा हात पूर्वीच्या पेंटरमध्ये जवळजवळ एकच होता, आता तो दोन माणसांत विभागला आहे एवढेच.

तोवर निवड करणाऱ्याच्या हाती एक सोपी कसोटी आहे. विकायला ठेवलेल्या थीमचे नमुना-पान बहुधा ‘लोरेम इप्सम’ या अर्थहीन लॅटिन मजकुराने भरलेले असते, आणि त्या मजकुरात सर्वच साचे सुबक दिसतात, कारण ते त्याच अक्षरांवर बेतले गेले. साचा घेण्याआधी त्याच्या शीर्षकात ‘कर्तृत्वाच्या दृष्टीने कोल्हापूरच्या स्त्रियांची कामगिरी’ अशी रफार, ऋकार, जोडाक्षरे आणि वेलांट्या यांनी गच्च भरलेली ओळ घालावी, ती फोनच्या अरुंद पडद्यावर दोन-तीन ओळींत मोडू द्यावी आणि मग पाहावे. जेथे ही ओळ न अडखळता वाचता येते त्या साच्याला पुढे हवा तो रंग देता येईल. जेथे ती वाचता येत नाही, तेथे रंगावर खर्च करण्याआधी साचा परत ठेवावा.